वर्गातलं मागचं पोतं

संपादकांचा फोन आला, “बाई, तुम्ही आदर्श शाळा कशी घडवलीत, त्यावर दिवाळी अंकाला लिहा.” मी म्हटलं, आदर्श हा शब्द गाळणार असाल तर लिहिते. आमच्या शाळेचं छप्पर गळायचं नाही, ते केवळ पाऊस पडत नव्हता म्हणून. आणि घडवली म्हणावं तर आम्ही चौघं होतो, मी एकटीनं काय घडवणार! तरी लिहायला बसले, कारण त्या शाळेतलं एक पोतं मला अजून आठवतं. ज्वारीचं, रिकामं, एका कोपऱ्याला उसवलेलं. त्याच्याबद्दल मला कुणी कधी विचारलं नाही, तेव्हा आता न विचारताच सांगते.

नवा जिल्हा नुकताच झाला होता आणि पावसानं पाठ फिरवली होती. अहमदपूरहून एस.टी.नं फाट्यापर्यंत जायचं आणि पुढं चालत. गावाच्या तोंडाशीच शाळा, चार खोल्या, एक व्हरांडा, समोर कडुनिंब. दारावरच्या पाटीवर आधी ‘जि. उस्मानाबाद’ होतं. त्यावर चुना फासून ‘जि. लातूर’ लिहिलेलं. चुना पातळ होता, त्यामुळं ऊन चढलं की दोन्ही जिल्हे दिसायचे. मूळचे पलीकडचे शिक्षक विकल्प देऊन बसले होते, म्हणजे मला माझ्या जुन्या जिल्ह्यात परत घ्या असा अर्ज करून. आमचे देशमुख गुरुजी त्यातले. घर कळंबकडं, आई म्हातारी आणि नोकरी इथं. रोज सकाळी शाळेत शिरताना ते पाटीकडं असं बघायचे, जणू पाटीनंच त्यांची बदली अडवून धरली होती.

बाहेरच्यांना वाटतं, मुख्याध्यापक म्हणजे घंटा वाजवून खुर्चीत बसणारा माणूस. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत तसं नसतं. तिथं मुख्याध्यापक एक वर्ग शिकवतो आणि उरलेल्या वेळात शाळा सांभाळतो. माझ्याकडं चौथी होती. तिसरी देशमुख गुरुजींकडं. दुसरीला कदमबाई, नोकरीत नव्या, वर्गात आवाज चढवला की स्वतःच दचकायच्या. पहिलीला सय्यद गुरुजी, औशाचे, सडपातळ, मिशीतल्या मिशीत हसणारे. आमचं माहेर-सासर दोन्ही नांदेडचं. नवरा नांदेडला नोकरीत, मुलगी सासूबाईंपाशी, आणि मी गावात एका खोलीत. शनिवारी अर्धी शाळा सुटली की लोह्यावरून नांदेड गाठायचं, सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत. मधल्या संध्याकाळी मी भाकरी एकच टाकायची आणि तीही पुष्कळदा सकाळपर्यंत उरायची. बोलायला कुणी नसलं की जेवणसुद्धा सरत नाही.

शाळेत तरी बोलायला माणसं होती, असं तुम्ही म्हणाल. होती. व्हरांड्याच्या टोकाला सामानाची खोली होती, तिथं मधल्या सुट्टीत तिघं बसायचे. बाहेरून बोलण्याचा आवाज यायचा, मी दारात पाऊल टाकलं की बंद. गुरुजी खाकरायचे, कदमबाई पदर सारखा करायच्या, सय्यद गुरुजी उठून खुर्ची द्यायचे. त्या खुर्चीचा मला फार राग यायचा. बाकीचे सतरंजीवर आणि मी एकटी वर, पूजेला मांडल्यासारखी. एक तर तिघांचे गोपनीय अहवाल मी लिहिणार. आणि मला बढती कशी मिळाली यावर मी येण्याआधीच चर्चा झालेली होती. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पण आमचं बौद्धांचं घर, अशा गोष्टी न सांगता कळायची सवय आम्हाला लहानपणीच लागते. शाळेचा माठ कोपऱ्यात पालथा पडलेला होता. पिण्याच्या पाण्याची ज्याची त्याची बाटली वेगळी. दुष्काळ आहे म्हणून, असं सगळे म्हणायचे. असेलही.

शिकवण्याचंही तसंच होतं, ज्याचं त्याचं वेगळं आणि दार लावून. शेजारच्या वर्गात काय चालतं हे भिंतीला माहीत, शिक्षकाला नाही. गुरुजींची तिसरी पाढे असे म्हणायची की फाट्यावर ऐकू जावं, पण पाढ्यांतलं एक वाक्य उलटं विचारलं की सगळा वर्ग माझ्या चपलांकडं बघायचा. मी एकदा तसं गुरुजींना म्हटलं. ते म्हणाले, “बाई, तुम्ही मोठ्या हाव. तुम्ही म्हनाल तसं लिवून द्या, मी सही करतो.”

मला तिथं दोन गोष्टी हव्या होत्या. एक म्हणजे लेकरांना खरोखर वाचता यावं. दुसरी मी कुणाजवळ बोलले नाही. या तिघांपैकी एखाद्यानं तरी मला माणूस समजून तोंडावर खरं बोलावं, एवढीच होती ती.

दिवाळीनंतर विहिरी आटल्या आणि टँकर सुरू झाला. गावातले सगळे धडधाकट रोजगार हमीच्या कामावर, पाझर तलावाला माती वाहायला. घरात उरली ती म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं. तेव्हा पाणी कोण भरणार? टँकरचा हॉर्न वाजला की दप्तरं तिथंच टाकून वर्गच्या वर्ग घागरी आणायला पळायचे. टँकरला वेळ-काळ नव्हता. कधी प्रार्थनेला यायचा, कधी गणिताला.

त्यात विस्तार अधिकारी तपासणीला येणार असं कळलं. देशमुख गुरुजींनी उपाय काढला. हॉर्न वाजायच्या आतच तिसरीच्या दाराला बाहेरून कडी घातली आणि स्वतः दारात खुर्ची टाकून बसले. अधिकारी आलेच नाहीत, टँकर आला. आतली काही लेकरं खिडकीच्या मोडक्या गजांतून बाहेर पडली, एकाच्या सदऱ्याची बाही गजाला राहिली. तेवढ्यात एक बाई तलावाच्या कामावरून धावत आली, अंगभर माती, हातात रिकामी घागर.

“कडी कामून लावली, गुरुजी? पानी काय तुमी आनून देनार हाव का घरला? तान्हं लेकरू टाकून आले मी!”

गुरुजी खुर्चीतून उठले. मला वाटलं, आता हे माझ्याकडं बोट दाखवतील. त्यांनी दाखवलं नाही. कडी काढली, बाईच्या हातातली घागर घेतली आणि धोतर सावरत टँकरच्या गर्दीत शिरले. आम्ही तिघं बघतच राहिलो. मग सय्यद गुरुजी बाह्या वर करत म्हणाले, “बाई, गुरुजी एकटे गेलेत,” आणि तेही गेले. मागोमाग आम्ही दोघी.

त्या दुपारी पहिल्यांदा चौघं एका पातळीवर बसलो. खुर्ची कुणी दिली नाही, कारण सगळेच ओलेचिंब आणि दमलेले. देशमुख गुरुजींना ठसका लागला होता. माझा तांब्या जवळ होता, त्यांनी तो उचलला आणि घटाघटा पाणी प्यायले. त्यांच्या ध्यानातही आलं नसावं. माझ्या आलं.

सय्यद गुरुजींनी तोड काढली. म्हणाले, “हॉर्न वाजला की पळतात, ते पळनारच. मग आपनच संगं जाऊ की. पाळीपाळीनं. एकानं टँकरवर उभं ऱ्हायचं, लेकरांच्या घागरी भरून द्यायच्या. त्याचा वर्ग दुसऱ्याच्या वर्गात. शाळा चालू की चालू.” देशमुख गुरुजी म्हणाले, “नेमात बसंल का?” सगळे माझ्याकडं बघू लागले. मी म्हटलं, बसत नसेल तर मी बसवते. खरं तर नियम मलाही ठाऊक नव्हता.

अशी पाळी सुरू झाली. तिघांमध्येच. मला त्यांनी पाळी दिली नाही. “मोठ्या बाईंनी घागर उचलनं बरं दिसत न्हाई,” असं कदमबाई म्हणाल्या, मानानंच म्हणाल्या. शाळेचं एक पिंप भरून ठेवू लागलो आणि पालथा माठ सुलटा झाला.

आणि पोत्याचं सुरू झालं ते असं, ठरवून नव्हे. एकदा कदमबाई टँकरवरून परत आल्या तेव्हा त्यांचा वर्ग सय्यद गुरुजींच्या खोलीत, धडा अर्ध्यात. मध्येच लेकरं उठवायला नको म्हणून त्या मागं भिंतीशी एका रिकाम्या पोत्यावर, भिजल्या लुगड्यानिशी, गुपचूप बसून राहिल्या. सय्यद गुरुजी खडे घेऊन अक्षरं मांडत होते. एकेका लेकराला बोलावून विचारायचे आणि मग गप्प उभे राहायचे. बराच वेळ. लेकरू डोकं खाजवेपर्यंत, पाय बदलेपर्यंत. मग ते बोलायचं.

सुट्टीत कदमबाई सांगत होत्या, “गुरुजी, तुमच्याकडं माझा बाळू बोलला हो! माझ्याकडं तोंड उघडलं न्हाई त्यानं साऱ्या वर्षात. मी त्याला बोलूच देत न्हाई वाटतं.” हे मी दाराबाहेर ऐकलं. आत गेले तर त्या थांबल्या, पण मी ते ऐकलेलं होतं. दुसऱ्या दिवशी मी चारही वर्गांच्या मागं एकेक पोतं टाकायला लावलं. आपल्या वर्गाला लिहायला देऊन किंवा तो दुसऱ्याकडं सोपवून मोकळीक मिळाली की दुसऱ्याच्या वर्गात मागं जाऊन बसायचं. पोरांच्या बरोबरीनं, जमिनीवर. लिहून काही घ्यायचं नाही. कागद-पेन्सिल दिसली की शिक्षकाला तपासणीचा वास येतो आणि तो नाटक करायला लागतो.

पहिल्याच आठवड्यात विचका झाला. देशमुख गुरुजी कदमबाईंच्या वर्गात बसले आणि सुट्टीत सगळ्यांसमोर म्हणाले, “बाई, तुमचं अक्षर डगरीवरून घसरल्यावानी हाय. आन् आवाज म्हंजी चिमनीचा.” कदमबाई रडत शाळेमागं जाऊन उभ्या राहिल्या. गुरुजींना कळेना आपलं काय चुकलं, त्यांना मदतच करायची होती. मी रागावले नाही, रागावले असते तर पोतं तिथंच संपलं असतं. त्याऐवजी एक नियम घातला. पोत्यावर बसणाऱ्यानं शिक्षकाबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. पोरांनी काय केलं, तेवढंच सांगायचं. मास्तर कसा शिकवतो ते मास्तरला सांगायची गरज नसते, पोरं काय करतात ते कळलं की त्याचं त्याला उमगतं. माझ्या साऱ्या नोकरीत मला सुचलेली ही एकच शहाणपणाची गोष्ट, आणि तीही रडणाऱ्या बाईची समजूत घालताना सुचली.

सय्यद गुरुजी आणि कदमबाई एकमेकांच्या वर्गात जाऊ लागले. देशमुख गुरुजींच्या वर्गात जायला मात्र कुणी धजेना, ते वयानं मोठे. मग मीच गेले. ते फळ्यावर गणित घालत होते. टोपल्यात इतक्या भाकरी, इतक्या वाटल्या, उरल्या किती. मी मागं तांड्यावरच्या लमाणी लेकरांच्या ओळीत बसले होते. गुरुजी फळ्याकडं वळले की सोनी नावाची एक मुलगी तोंडाशी हात धरून दोन्ही बाजूंना कुजबुजायची. गुरुजी वळले की गप्प. आधी मला वाटलं खोडी काढतेय. मग कान दिला. ती भाकरीला ‘बाटी’ म्हणत सगळं गणित त्यांच्या गोरमाटीत सांगत होती. गुरुजींचं एकही वाक्य ती सोडत नव्हती. तांड्यावरची ती ओळ तिच्याकडून शिकत होती, आणि गुरुजी वर्षभर तिला ‘चुळबुळी’ म्हणून उठवून उभी करत होते.

मी नियमाप्रमाणं तेवढंच सांगितलं. सोनीनं काय केलं ते. गुरुजींनी खडूचा हात धोतराला पुसला. “मी तिला दारात हुबं करीत होतो, बाई,” एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी सोनीला पुढं बोलावलं आणि म्हणाले, “माय, मी येक वाक्य बोलतो, तू तुमच्या बोलीत मोठ्यानं सांग. मला बी शिकव.” तिसरीच्या वर्गातून त्या दिवशी पाढ्यांचा आवाज आला नाही, हसण्याचा आला. गुरुजींना गोरमाटी बोलताना ऐकून तांडा हसत होता आणि गुरुजीही. पुढं पुढं तर ‘दार लावून शिकवणारे गुरुजी’ म्हणून ज्यांना मी मनातल्या मनात नावं ठेवायची, ते दार उघडं टाकून बसू लागले आणि येईल त्याला म्हणायचे, “बसा की मागं, पोतं हाय.”

शाळा बदलली. अशी बदलली की विस्तार अधिकारी आले तेव्हा चहा न पिता वर्गातच बसून राहिले. दुष्काळात आजूबाजूच्या शाळा ओस पडल्या होत्या. आमची लेकरं मात्र घागर घरी ठेवून परत यायची, ओल्या सदऱ्यांनिशी वाचायची. सामानाच्या खोलीत आता खळखळून हसू असायचं. कुणाचं कोणतं पोर आज बोललं, कुणी कुणाला शिकवलं, हे भांडून भांडून सांगणं चालायचं.

आणि मी दारात आले की ते थांबायचं. अजूनही.

याचं मला किती वाईट वाटायचं ते आज लिहायला हरकत नाही. कुणी मला तुटक वागवत नव्हतं. उलट मान फार होता. पण मीच मांडलेल्या पंगतीत मला पान नव्हतं. माझ्याही वर्गात मागं पोतं होतं. त्यावर धूळ बसायची, ती मीच शनिवारी झटकायची. एकदा कदमबाई येऊन बसल्या, तासभर माझ्याकडंच बघत होत्या, पोरांकडं नाही. “लई छान झालं, बाई,” म्हणाल्या आणि पळाल्या. सय्यद गुरुजींना मी आडून सुचवलं. ते हसले आणि म्हणाले, “तुमच्या वर्गात आमी काय बगावं, बाई?” संध्याकाळी खोलीवर मी ते वाक्य पुन्हा पुन्हा उगाळायची. इतक्या माणसांत राहून इतकं एकटं असता येतं, हे मला त्या वर्षी कळलं.

परीक्षा तोंडावर असताना देशमुख गुरुजींचा विकल्प मंजूर झाल्याचा आदेश आला. ज्यासाठी ते इतके दिवस पाटीकडं बघत होते ते झालं, पण त्यांचा चेहरा मात्र उतरला. कार्यमुक्त व्हायच्या दिवशी आम्ही निरोपाला केळी आणि फुटाणे आणले. दुपारची गाडी होती. सकाळी मी चौथीवर भूगोल घेत होते, तोच दारात गुरुजी. खांद्यावर पिशवी, हातात छत्री. मला वाटलं सही राहिली असेल.

“न्हाई, सही झाली,” म्हणाले. “थोडं बसतो.”

आणि ते मागं गेले, पोतं झटकलं, मांडी घालून बसले. त्या वयात त्यांना खाली बसताना भिंतीचा आधार घ्यावा लागला. माझा आवाज बदलला असणार. नोकरीला लागल्यावर पहिला पाठ घेतला तेव्हा झाला होता तसा. गुरुजी माझ्याकडं बघतच नव्हते. पोरांकडं बघत होते, अख्खा तास. घंटा झाली, पोरं बाहेर गेली, आणि मी विचारलं, “सांगा गुरुजी. नियम ठाऊक आहे ना?”

“ठाव हाय की. पोरांचंच सांगतो.” ते उठले नाहीत, बसूनच बोलले. “तुमी फळ्याकडं वळला की पोरं बोलत्यात, बाई. समदा वर्ग. ती खिडकीजवळची पोरगी शेजारनीला नकाशा दावीत होती, मागचे दोघं नदी कुटून कुटं जाती त्याच्यावर भांडत होते. लई रंगात आले होते. तुमी वळला की गप.”

“मला भितात?” मी विचारलं. तेवढंच मला ऐकायचं होतं आणि तेच नको होतं.

“भ्याले असते तर तुमी नसताना बी गप बसले असते.” गुरुजींनी छत्री मांडीवर आडवी ठेवली. “त्यास्नी वाटतं, बाईला कच्चं दावू नये. पक्कं झालं की हात वर करावा. मनून तुमच्या माघारी ते पक्कं करत्यात.” मग दाराकडं बघत म्हणाले, “आमचं बी तेच व्हतं की, बाई. त्या खोलीत. तुमी आलात की गप व्हायचो. तुमाला काय वाटलं?”

मला काय वाटायचं ते मी सांगितलं नाही. मी म्हटलं, “पाणी घ्या थोडं, ऊन आहे.” त्यांनी माठातून नाही, माझ्याच तांब्यातून घेतलं, आणि या वेळी त्यांना ते ठाऊक होतं.

फाट्यापर्यंत त्यांना सोडायला सगळी तिसरी गेली. सोनीनं त्यांची पिशवी घेतली होती. मी शाळेत थांबले, कुणीतरी थांबायला हवं होतं. इतके दिवस ज्याची वाट बघितली ते बोलणारं माणूस त्याच दुपारच्या गाडीनं दुसऱ्या जिल्ह्यात निघून गेलं. नंतर त्यांची-माझी भेट झाली नाही.

दुसऱ्या दिवशी चौथीला नद्याच होत्या. मी मांजरा नदी काढायला फळ्याकडं वळले. खडू टेकवला आणि थांबले. आधी एक कुजबुज आली, मग दुसरी, मग खिडकीकडून हसू, मग मागं कुणाचं तरी “आरं तसं न्हाई, इकडून जाती ती!” सगळा वर्ग माझ्यामागं बोलायला लागला. माझी नदी फळ्यावर बोटभरच झाली होती. ती पुढं न्यायची सोडून मी तशीच, त्यांच्याकडं पाठ करून, कितीतरी वेळ उभी राहिले.